कॅटचा निकाल लागला, कॉलही आला. मग आयआयएमच्या मुलाखतीत एवढे जण अडकतात कुठे?

१९ डिसेंबर २०२४ ला कॅटचा निकाल लागला आणि त्या रात्री अनेकांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर एकच आकडा झळकत होता. ९७.४, ९८.९, ९९.६. ज्यांचा आकडा सांगण्यासारखा नव्हता त्यांनी स्टेटस ठेवलं नाही, एवढाच काय तो फरक.

फेब्रुवारी अर्धा संपेपर्यंत स्टेटसचा विषय बदलला. 'कॉल किती आले?' हा आता प्रश्न झाला. कॉल म्हणजे मुलाखतीचं बोलावणं. पर्सेंटाईल कितीही चांगला असला तरी आयआयएममध्ये प्रवेश थेट मिळत नाही. आधी कॉल येतो, मग मुलाखत होते आणि एप्रिल-मेपर्यंत यादी लागते. कॉल मिळूनही त्या यादीत नाव न येणाऱ्यांची संख्या दरवर्षी मोठी असते.

२४ नोव्हेंबर २०२४ ला झालेल्या कॅटसाठी सुमारे ३ लाख २९ हजार जणांनी नोंदणी केली होती. त्यातले २ लाख ९३ हजार प्रत्यक्ष परीक्षेला बसले. १०० पर्सेंटाईल मिळाले फक्त १४ जणांना, १३ मुलं आणि १ मुलगी. देशातल्या आयआयएमपैकी दोन महाराष्ट्रात आहेत. नागपूरची आयआयएम २०१५ ची आणि मुंबईची त्या मानाने कालची, म्हणजे पवईतल्या जुन्या 'नीटी'ला २०२३ मध्ये आयआयएमचा दर्जा मिळाला तेव्हाची.

तर कॉल आलेल्या मुलांसमोर आता काय वाढून ठेवलंय?

आकड्यांचं वजन अचानक कमी होतं

वर्षभर कॅट एके कॅट केलेल्यांना ही गोष्ट पचायला जड जाते. अहमदाबादच्या आयआयएमने जाहीर केलेली निवडीची पद्धत पाहिली तर अंतिम गुणांमध्ये कॅटचा वाटा २५ टक्के आहे. दहावी-बारावी-पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव वगैरे मिळून अर्जाला जे गुण दिले जातात त्यांचा वाटा १५ टक्के. लेखी चाचणीला १० टक्के. आणि मुलाखतीला तब्बल ५० टक्के.

प्रत्येक आयआयएमचे आकडे वेगळे असतात. पण कॉल येईपर्यंत कॅटचा जोर आणि कॉल आल्यावर मुलाखतीचा, हे साधारण सगळीकडे दिसतं.

त्यात आणखी एक मेख आहे. कॉल आलेल्या सगळ्यांचाच पर्सेंटाईल वरचा असतो. मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या खुर्च्यांवर बसलेल्या दहा जणांत कुणी ९९.३ असतं, कुणी ९९.७. म्हणजे कॅटच्या वाट्याच्या गुणांत या मुलांमध्ये फारसं अंतर उरत नाही. दहावी-बारावीचे गुण तर केव्हाच ठरून गेलेत, ते आता बदलत नाहीत. मुलाखतीत मात्र एकाला चांगले आणि दुसऱ्याला अगदीच सुमार गुण पडू शकतात. त्यामुळे खरी उलथापालथ होते ती या टप्प्यावर. शेवटच्या दोन महिन्यांत ज्यावर हात चालवता येतो असा भागही मुलाखत आणि लेखी चाचणी एवढाच आहे.

मुलाखत साधारण १५ ते २५ मिनिटांची. समोर दोन किंवा तीन जण, बहुतेक वेळा प्राध्यापक, कधी एखादा माजी विद्यार्थी. काही नव्या आयआयएम मिळून एकच सामायिक मुलाखत घेतात. तिला 'कॅप' म्हणतात आणि इथे महाराष्ट्रातल्या पालकांचा हमखास गोंधळ होतो, कारण राज्याच्या सीईटीनंतर जी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया होते तिचंही नाव 'कॅप'च आहे. त्या 'कॅप'मध्ये मुलाखत हा प्रकारच नाही. जमनालाल बजाज असो, सिडनहॅमची सिमस्री असो की पुणे विद्यापीठाची पुम्बा, राज्याच्या प्रक्रियेत सीईटीचे गुण आणि पसंतीक्रम यावर काम होतं. त्यामुळे घरात कुणी आधी सीईटीतून एमबीए केलं असेल तर 'मुलाखतीचं काय एवढं?' हा सल्ला मिळतो. तो सल्ला त्या रस्त्यापुरता बरोबर आहे.

सिम्बायोसिस, एनएमआयएमएस किंवा एसपीजैन या महाराष्ट्रातल्या संस्थांमध्ये मात्र मुलाखत असते. एसपीजैनमध्ये तर दोन फेऱ्या होतात आणि त्या गटाने घेतल्या जातात, म्हणजे तुमच्या शेजारी बसलेल्याचं उत्तर ऐकून मग तुमची पाळी.

पॅनेलच्या हातात काय असतं?

तुमचा फॉर्म असतो. एवढं साधं उत्तर आहे, पण तयारी करणारे नेमकं हेच विसरतात.

कॅटचा अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घाईघाईत भरलेला असतो. पुढे प्रत्येक संस्थेचा वेगळा फॉर्म येतो. त्यात छंद, नोकरीतलं काम, कॉलेजमधली पदं, एखादं वर्ष मोकळं गेलं असेल तर त्याचं कारण, हे सगळं आपणच लिहिलेलं असतं. पॅनेलला तुमच्याबद्दल दुसरं काही माहीत नसतं. मग ते त्यातलाच एखादा शब्द पकडतात.

'छंद : वाचन' असं लिहिलं असेल तर शेवटचं पुस्तक कोणतं, हा प्रश्न येणार. त्याचं उत्तर आलं की पुढचा प्रश्न त्या पुस्तकातल्या कुठल्या मुद्द्याशी तुम्ही सहमत नाही, असा असू शकतो. 'ट्रेकिंग' लिहिलं असेल तर राजगड आणि तोरणा जवळजवळ असूनही शिवरायांनी राजधानी राजगडावर का नेली, असंही कुणी विचारेल. यात इतिहासाचा पेपर घेण्याचा हेतू नसतो. गडावर फक्त फोटो काढायला गेलात की आजूबाजूला बघितलंही, हे त्यांना कळून घ्यायचं असतं. ज्याने खरंच बघितलंय तो तोरण्याची उंची आणि राजगडाच्या माच्या यांवर आपोआप बोलायला लागतो. ज्याने नाही बघितलं त्याच्यासाठी मग दुसरा शब्द शोधला जातो.

म्हणूनच तयारीचं पहिलं काम कंटाळवाणं आहे. स्वतःचा फॉर्म छापून घ्यायचा आणि प्रत्येक शब्दासमोर 'याच्यावर तिसरा प्रश्न काय येईल?' असं लिहायचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांकडे असतं. दुसऱ्याला थोडं अडखळायला होतं. मुलाखत बहुतेकदा तिसऱ्या प्रश्नावर फिरते.

पदवीचा विषय : सगळ्यात दुर्लक्षित, सगळ्यात महाग

कॅटच्या दुनियेत 'जेम' नावाचा एक शब्द फिरतो. जनरल, इंजिनियर, मेल या तीन शब्दांची ही आद्याक्षरं. खुल्या प्रवर्गातल्या इंजिनियर मुलांची संख्या इतकी प्रचंड असते की त्यांना कॉलसाठी इतरांपेक्षा जास्त पर्सेंटाईल लागतो, आणि मुलाखतीत त्यांच्यातून वेगळं दिसणंही अवघड जातं.

या मुलांची टिपिकल अडचण अशी. मेकॅनिकलची पदवी घेतली, नोकरी आयटीत लागली, दोन वर्षं टेस्टिंग केलं, मग कॅट दिली. पॅनेल विचारतं, पेट्रोल आणि डिझेल इंजिनात मूलभूत फरक काय? मुलगा हसून सांगतो की सर, आता त्या विषयाशी संबंध राहिला नाही. हे उत्तर फार महागात पडतं. चार वर्षं एक विषय शिकून तो दोन वर्षांत पुसून टाकला असेल, तर आमचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही असाच पुसला जाणार, असा सरळ अर्थ पॅनेल काढू शकतं.

यातून सुटका फार अवघड नाही. सगळी पदवी पुन्हा वाचायची गरज नसते. आवडीचे दोन-तीन विषय निवडायचे आणि ते शाळेतल्या भावंडाला समजतील इतके साफ करायचे. कॉमर्सच्या मुलांनाही हाच नियम. घसारा म्हणजे काय हे सांगता येतं, पण घसाऱ्याचे पैसे प्रत्यक्षात जातात कुठे, असं विचारलं की गडबड होते. (कुठेच जात नाहीत. पैसे यंत्र घेताना गेलेले असतात, घसारा ही फक्त नोंद आहे.)

चालू घडामोडी : मथळे पाठ करून भागत नाही

२०२५ मध्ये मुलाखती सुरू असतानाच बातम्यांचा पाऊस पडत होता. १ फेब्रुवारीचं बजेट, ७ फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५ वरून ६.२५ टक्क्यांवर आणला, तोही २०२० नंतर पहिल्यांदाच. चीनच्या डीपसीकमुळे २७ जानेवारीला एनव्हिडियाचं बाजारमूल्य एका दिवसात सुमारे ६०० अब्ज डॉलरने घसरलं. ट्रम्प यांचं आयातशुल्क. आठवड्याला ९० तास काम करावं की नाही, यावरचा वाद. मुलं यांचे मथळे पाठ करतात. टेलिग्रामवर याच्या पीडीएफही फिरत होत्या.

मथळा आणि समज यातला फरक बघायला बजेटचंच उदाहरण घेऊ. '१२ लाखांपर्यंत इन्कम टॅक्स नाही' हे सगळ्यांना माहीत आहे. आता समजा पॅनेलने विचारलं, 'माझं उत्पन्न १२ लाख १० हजार असेल तर मला किती टॅक्स?'

ज्याने फक्त मथळा वाचलाय तो म्हणेल, १० हजारांवरचा. म्हणजे हजार-दीड हजार. हे चूक आहे.

ज्याने थोडं खोलात वाचलंय त्याला माहीत असेल की करमुक्त मर्यादा १२ लाख नाहीच, नव्या पद्धतीत ती ४ लाख आहे. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २० हजार, ८ ते १२ लाखांवर १० टक्के म्हणजे ४० हजार. असा १२ लाखांवर ६० हजार कर बसतो आणि सरकार तो पूर्ण माफ करतं, कारण ६० हजारांची सूट दिली आहे. उत्पन्न १२ लाखांच्या वर गेलं की ही सूट जाते. मग १० हजार जास्त कमावले म्हणून ६१,५०० रुपये भरायचे? तसं होऊ नये म्हणून वेगळी सवलत आहे : १२ लाखांच्या वर जेवढी रक्कम असेल, कर त्यापेक्षा जास्त होणार नाही. म्हणजे या माणसाला १० हजार भरावे लागतील. वरची कमाई जवळपास सगळी करात. (नोकरदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, त्यामुळे त्यांचा हा काठ पावणेतेरा लाखांवर येतो.)

इथून गप्पा कुठेही जाऊ शकतात. अशा काठावरच्या माणसाला जास्त कमावण्याची इच्छा उरेल का? सरकारने ही सूट देण्यापेक्षा दर कमी का नाही केले? महत्त्वाचं म्हणजे, ही अशी एक बातमी नीट समजून घ्यायला तास-दीड तास पुरतो. चाळीस मथळे पाठ करायला जास्त वेळ लागतो आणि त्यातला एकही तिसऱ्या प्रश्नापर्यंत टिकत नाही.

गावाचं नाव लिहिलंय ना? मग त्यावरच विचारणार

फॉर्मवर 'कोल्हापूर' किंवा 'सांगली' दिसलं की ऊस आणि साखर आलीच. नाशिक दिसलं की कांदा. सोलापूर दिसलं की चादर आणि यंत्रमाग. पॅनेलमधला माणूस लखनौचा असो की चेन्नईचा, त्याला एवढं माहीत असतंच. आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न म्हणजे लॉटरी आहे, पण अनेक मुलं ती सोडून देतात. घरात ऊस आहे, वडील कारखान्याचे सभासद आहेत, पण मुलाला एफआरपीचं पूर्ण रूप सांगता येत नाही. त्याने तयारी केलेली असते ती टेस्लाच्या ताळेबंदाची.

एफआरपी म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान रास्त आणि किफायतशीर दर. तो केंद्र सरकार ठरवतं. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होता. २०१८-१९ मध्ये तो २७५ रुपये होता, तेव्हा पायाभूत उतारा १० टक्के धरला जायचा. आता दुसरी बाजू. कारखान्याने साखर ज्याच्या खाली विकायची नाही तो किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि फेब्रुवारी २०२५ मध्येही ३१ च होता. म्हणजे कच्च्या मालाचा दर सरकार जवळजवळ दरवर्षी वर नेत गेलं आणि पक्क्या मालाची हमी सहा वर्षं तिथेच राहिली. बाजारात साखर ३१ च्या वर विकली जाते हे खरं, पण कारखाने हा दर वाढवून मागतात आणि शेतकरी संघटना एकरकमी एफआरपीसाठी रस्त्यावर येतात. या दोघांचं भांडण नेमकं कशावरून आहे, हे इथे दिसतं. त्यात इथेनॉल आलं, जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने दिलेली १० लाख टन साखर निर्यातीची परवानगी आली.

हे सगळं शिरोळ किंवा वाळव्याच्या मुलाला चहाच्या टपरीवर कानावर पडलेलं असतं. दिल्लीतल्या कोचिंगच्या मुलाला ते पीडीएफमधून शिकावं लागतं. तरी मुलाखतीत दोघांना सारखेच गुण पडत असतील, तर पहिल्याने आपल्या हातातलं पान टाकून दिलं असाच अर्थ होतो.

नाशिकच्या मुलाने कांद्याचं असंच करावं. मे २०२४ मध्ये निर्यातबंदी उठली तेव्हा ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यात दर होता. सप्टेंबरमध्ये तो दर गेला, शुल्क २० टक्क्यांवर आलं. ग्राहकाला स्वस्त कांदा आणि शेतकऱ्याला दर, सरकार कुणाच्या बाजूने झुकलं, केव्हा झुकलं आणि मधे कोणत्या निवडणुका होत्या, हे सांगता आलं की पुरे.

'लाडकी बहीण'वरही विचारलं जाऊ शकतं. महिना १,५०० रुपये हा खर्च की गुंतवणूक? इथे बाजू कोणती घेतली याला फारसे गुण नसतात. पण दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा सांगता येतो का, हे नक्की बघितलं जातं. फेसबुकवरच्या कमेंटमध्ये आपण जे करतो, त्याच्या बरोबर उलटं.

इंग्रजीची भीती

मुलाखत इंग्रजीत होते. मराठी माध्यमातून शिकलेल्या, तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलांची रात्रीची झोप यामुळेच उडते. 'उच्चार महत्त्वाचे नसतात' असं म्हणणं सोपं आहे. उच्चारांना वेगळे गुण नसतात हे खरं, पण जी मुलं लहानपणापासून घरी इंग्रजी बोलतात त्यांना विचार करायला वेळ उरतो आणि इतरांचा अर्धा वेळ शब्द शोधण्यात जातो. हा फरक आहे आणि तो अन्यायकारक आहे. दोन महिन्यांत तो पूर्ण मिटत नाही.

कमी मात्र होतो, आणि तो कमी करायचा मार्ग वरच्याच मुद्द्यात आहे. अनोळखी विषयावर परक्या भाषेत बोलताना दोन ओझी असतात. विषय आपलाच असेल तर एक ओझं उतरतं. 'उतारा', 'मोळी', 'टोळी', 'उचल' हे शब्द मराठीत ठाऊक असलेल्या मुलाने ऊसतोड मजुराला मिळणारी उचल म्हणजे काय, हे इंग्रजीत पाच वाक्यांत सांगायचा सराव केला, तर त्याची वाक्यं साधी असतील पण अडखळणार नाहीत. रोज दहा मिनिटं, मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून. ऐकताना लाज वाटते, आणि ती पहिल्या आठवड्यात संपलेली बरी.

'व्हाय एमबीए?' आणि एकसारखी उत्तरं

पॅनेलच्या माणसांनी या प्रश्नाची हजारो उत्तरं ऐकलेली असतात. 'नेतृत्वगुण विकसित करायचेत', 'व्यवस्थापनाचा सर्वांगीण दृष्टिकोन हवाय', 'पाच वर्षांनी मला मोठ्या पदावर पाहतो'. आता तर चॅटजीपीटी आल्यामुळे ही उत्तरं आणखी गुळगुळीत झालीत आणि एकमेकांसारखीही.

याचं खरं उत्तर बऱ्याचदा साधं असतं. पगार वाढवायचाय. आहे त्या कामात पुढे रस्ता दिसत नाही. हे लपवायची काही गरज नाही, पण तेवढ्यावर थांबताही येत नाही. कारण पुढचा प्रश्न लगेच येतो की पगार नोकरी बदलूनही वाढतो, मग २५ लाखांच्या आसपास फी भरून दोन वर्षं इथे कशाला? आपल्या कामात नेमकी कुठली गोष्ट करता येत नव्हती, कुठल्या मीटिंगमध्ये बाकीचे कशावर बोलत होते ते कळलं नाही, असा एखादा खरा प्रसंग असेल तर उत्तर आपोआप तुमचं होतं. तो प्रसंग कोचिंगवाले देऊ शकत नाहीत.

मॉक इंटरव्ह्यूचा उपयोग आहेच. पण कुठल्या? दहा मॉक देऊन प्रत्येकाने सांगितलेली दुरुस्ती करत गेलेला मुलगा शेवटी कुणाचाच राहत नाही. दोन-तीन पुरेत, त्यातला एक तरी आपल्याला अजिबात न ओळखणाऱ्या माणसाने घेतलेला असावा. कॉलेजातले जुने सर, बँकेतले शेजारचे काका, एमबीए करून परतलेली एखादी ताई. यातलं कुणी पैसे मागत नाही, आणि ते अनेकदा पॅनेलपेक्षा वाकडे प्रश्न विचारतात.

आणि न येणाऱ्या प्रश्नाचं काय? 'माहीत नाही, सर' एवढंच म्हणायचं. फक्त सगळ्या मुलाखतीत हे वाक्य बारा वेळा आलं तर अवघड आहे. जिथे थोडाफार अंदाज बांधता येतो तिथे 'नक्की आकडा माहीत नाही, पण असा विचार करेन' हे जास्त चांगलं. 'पुण्यात रोज किती वडापाव विकले जात असतील?' अशा प्रश्नात आकडा कुणालाच नको असतो. लोकसंख्या धरून, खाणारे किती, आठवड्यातून किती वेळा, अशी पायरी-पायरीने वाट काढता येते का, ते बघायचं असतं.

कागदपत्रं : इथे महाराष्ट्रातली मुलं अडकतात

हा भाग रटाळ आहे पण वाचून ठेवा. आयआयएम केंद्राच्या संस्था आहेत, त्यामुळे आरक्षण केंद्राच्या नियमाने. एससी १५, एसटी ७.५, ओबीसी नॉन क्रिमी लेयर २७ आणि ईडब्ल्यूएस १० टक्क्यांपर्यंत. महाराष्ट्रातले व्हीजेएनटी किंवा एसबीसी असे वेगळे प्रवर्ग तिथे नाहीत. त्यातल्या ज्या जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत त्यांना ओबीसी म्हणून अर्ज करावा लागतो. २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला मिळालेलं एसईबीसी आरक्षण राज्यापुरतं आहे, आयआयएममध्ये ते चालत नाही. आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा दाखला घेऊन मुलाखतीला गेलेला मुलगा तिथे काही करू शकत नाही. सेतू केंद्रात किती दिवस लागतात हे सगळ्यांना माहीतच आहे, त्यामुळे कॉल आल्यावर नव्हे तर आत्ताच.

आणि नाही झालं तर?

मुलाखतीचा निकाल लागला की नाकारलेल्या मुलांना वाटतं, आपल्यात काहीतरी कमी आहे. या भावनेवर अमेरिकेतली एक जुनी गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ती एमबीएची नाही, मेडिकलची आहे, पण प्रश्न तोच आहे : मुलाखत घेणाऱ्यांना चांगला विद्यार्थी खरंच ओळखता येतो का?

१९७९ मध्ये ह्यूस्टनच्या टेक्सास विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजने सुमारे ८०० जणांच्या मुलाखती घेऊन क्रम लावला आणि वरच्यांमधून १५० जणांना घेतलं. मग राज्याच्या विधिमंडळाने सांगितलं, आणखी ५० घ्या. तोपर्यंत वरची मुलं दुसरीकडे गेलेली. त्यामुळे या ५० जागा यादीच्या तळाशी असलेल्यांना, म्हणजे आधी नाकारलेल्यांना मिळाल्या. १९८७ मध्ये या दोन गटांची तुलना प्रसिद्ध झाली. अभ्यासात, प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या कामात, पुढच्या प्रशिक्षणात, दोन्ही गटांत फरक सापडला नाही.

नोकरीच्या निवडीवर झालेल्या संशोधनातही हेच पुन्हा पुन्हा दिसलंय की सगळ्यांना ठरावीक प्रश्न विचारून ठरावीक निकषांवर घेतलेली मुलाखत बऱ्यापैकी काम करते, आणि गप्पांच्या ओघात घेतलेली त्या मानाने कमी. आयआयएमच्या मुलाखतींमध्ये दोन्हींची सरमिसळ असते. वेगवेगळ्या पॅनेलचे गुण एका पातळीवर आणायची पद्धत अहमदाबादसारख्या ठिकाणी आहे, तरी सकाळी नऊचं पॅनेल आणि दुपारी चारचं थकलेलं पॅनेल यात फरक पडत नाही असं कोण म्हणेल? वीस मिनिटांना अर्धं वजन देणं कितपत बरोबर, हा प्रश्न खरं तर संस्थांना विचारायला हवा. तो कॉल आलेल्या मुलाने मुलाखतीत विचारू नये, एवढंच.

दरम्यान, २०२५ मध्ये राज्याची एमबीए सीईटी १ ते ३ एप्रिलला होती. आयआयएमच्या मुलाखती तेव्हा संपत आलेल्या होत्या आणि बहुतेक निकाल लागायचे होते. ज्यांनी सीईटीचा फॉर्म भरलाय त्यांनी परीक्षेआधीचे शेवटचे दहा दिवस तिच्यासाठी मोकळे ठेवलेले बरे. तिथे पॅनेल नाही. अडीच तास आणि २०० प्रश्न.